कोल्हापूरच्या पाण्याशी पहिली ओळख: पंचगंगा, धरणं आणि बॅकवॉटर, नवख्यांसाठी

कोल्हापुरात नोकरीला किंवा शिकायला नव्यानं आलेली मंडळी पहिल्याच पावसाळ्यात एक चूक हमखास करतात. जुलैतल्या एखाद्या रविवारी चार मोटरसायकली काढायच्या, भिजत राधानगरी गाठायची, धरणाच्या भिंतीवर जाऊ देत नाहीत म्हणून वैतागायचं आणि परतताना रस्त्यात दिसेल त्या ओढ्यात उतरायचं. मी या जिल्ह्यातल्या पाण्याच्या कडेनं अठरा वर्षं हिंडतोय. पोहतो, पक्षी बघतो, वर्षातून चार-पाच वेळा बॅकवॉटरच्या, म्हणजे धरणाच्या भिंतीमागे पसरलेल्या पाण्याच्या, काठी दिवस काढतो. नव्या माणसानं कुठून सुरुवात करावी असं कुणी विचारलं, की मी जागा सांगत नाही, क्रम सांगतो. आधी शहरातला तलाव, मग नदी आणि सगळ्यात शेवटी धरणाचं पाणी. हा क्रम उलटा केला की माणूस गोत्यात येतो.

पहिली पायरी: कुठलं पाणी कुठं जातं ते समजून घ्या

गाडी काढायच्या आधी एक संध्याकाळ नकाशाला द्या. पंचगंगा ही कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानली जाणारी सरस्वती अशा पाच नद्यांची. कुंभी आणि तुळशी भोगावतीला मिळतात, भोगावती पुढे प्रयाग चिखलीला कासारीला भेटते आणि तिथून पंचगंगा हे नाव सुरू होतं. शहराला वळसा घालून ती पूर्वेला जाते आणि नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळते. सरस्वती सोडली तर यातल्या प्रत्येक नदीच्या डोक्यावर एक धरण आहे. भोगावतीवर राधानगरी, तुळशीवर धामोडचं तुळशी, कुंभीवर गगनबावडा तालुक्यातलं कुंभी, कासारीवर गेळवड्याचं कासारी.

म्हणजे वर, राधानगरी धरणामागच्या दाजीपूरच्या जंगलात रात्रभर पाऊस कोसळला, की त्याचं पाणी काही तासांनी तुमच्या पायाखाली येतं, मग तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी. नवख्या माणसाला हेच लवकर पटत नाही. शहरात आभाळ मोकळं दिसतं आणि घाटावरचे म्हातारे मात्र कपडे गोळा करून पायऱ्या चढत असतात. विचारलं तर एवढंच सांगतात, ‘वरनं पानी सोडलंय, पोरांनो. चला, वर या.’

काळम्मावाडी धरणाचा हिशेब वेगळा. ते दूधगंगेवर आहे आणि दूधगंगा पंचगंगेला न मिळता पुढे कर्नाटकात कृष्णेला जाते. साठवण सुमारे 25 टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी), राधानगरीच्या जवळपास तिप्पट. कोल्हापूरच्या नळाला थेट पाइपलाइननं येतं ते याच धरणाचं पाणी. तिथल्या काठावर बसून कपबशा आणि साबण पाण्यात बुडवणाऱ्यांना मी आवर्जून सांगतो, की दादा, संध्याकाळी हेच आपल्या घरी प्यायचंय.

दुसरी पायरी: महिना बघा

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत पाण्यात उतरायचं नाही. नदीत नाही, धरणात नाही, धबधब्याखालच्या डोहातही नाही. मी स्वतः हा नियम मोडत नाही आणि माझ्याबरोबर येणाऱ्याला मोडू देत नाही. पावसाळा बघण्याचा ऋतू आहे. राऊतवाडीचा धबधबा लांबून बघा, गगनबावड्याला धुक्यात चहा घ्या, मसाई पठारावर चाला. त्या दिवशी हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर तेही पुढच्या आठवड्यावर टाका, कारण घाटात दरडी येतात आणि बंधाऱ्यांवरून रस्ते बंद होतात.

पावसाळ्यात रोज सकाळी एक आकडा बघायची सवय लावा, कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी. तिथं 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी. जुने कोल्हापूरकर पावसाळ्यात ‘आज फूट किती?’ असं विचारतात ते याच बंधाऱ्याबद्दल. 2019 आणि 2021 या दोन्ही वर्षी पाणी धोका पातळीच्या कितीतरी वर गेलं, शहराच्या वस्तीत शिरलं. ते ज्यांनी पाहिलं ते आता 30 फुटांवरच सावध होतात.

ऑक्टोबर अर्धा सरला की पाणी निवळायला लागतं. माझा सगळ्यात आवडता काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. धरणं भरलेली असतात, डोंगर अजून हिरवे असतात, सकाळी पाण्यावर वाफ दिसते आणि हिवाळी पक्षी आलेले असतात. मार्च ते मे सकाळी नऊच्या आत जे काय करायचं ते करा. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून मोठा पाऊस लागेपर्यंत राधानगरीच्या जंगलात काजवे पेटतात. झाडंच्या झाडं एका लयीत उजळतात आणि विझतात. ते बघायला जाल तेव्हा बॅटरीचा झोत झाडांवर मारू नका आणि गाडीचे दिवे विझवून थांबा, कारण उजेडात काजवे आपली चमक थांबवतात आणि त्यांचं जोडीदार शोधणंच मोडतं.

तिसरी पायरी: शहरातल्या तलावांवर महिनाभर सकाळी जा

हे सांगितलं की तरुण पोरं नाराज होतात, पण रंकाळा आणि कळंबा या दोन तलावांनी मला पाण्याचं बरंच शिकवलं. रंकाळ्याला संध्यामठापासून चालायला सुरुवात करा. वारा कोणत्या बाजूनं येतो, लाट कोणत्या काठाला आपटते, जलपर्णी कुठं साठते हे रोज बघा. दुपारनंतर वारा वाढतो आणि सकाळचं आरशासारखं पाणी खवळतं, ही गोष्ट इथं कळली की पुढे धरणावर उपयोगी पडते.

दुर्बीण असेल तर कळंब्याला जा. पाणकावळे, वारकरी, जांभळ्या पाणकोंबड्या, खंड्या, हळदीकुंकू बदकं एवढी ओळख झाली तरी पहिल्या हिवाळ्याला पुरे.

पोहता येत नसेल तर याच काळात शिका, आणि शिकायचं ते तरणतलावात, शिकवणाऱ्याच्या नजरेखाली. बीजिंग ऑलिंपिकला गेलेला वीरधवल खाडे याच शहरातला. इथं पोहणं शिकवण्याची परंपरा मोठी आहे, माणूस शोधायला अडचण येणार नाही. पन्नास मीटर न थांबता पोहता येणं आणि पाठीवर पडून पाच मिनिटं शांत तरंगता येणं, या दोन गोष्टी जमल्याशिवाय नदीचा विचार करू नका. यातलं तरंगणं जास्त महत्त्वाचं. दमलेला माणूस हातपाय मारून बुडतो, पाठीवर पडलेल्याला मदत येईपर्यंत वेळ मिळतो.

चौथी पायरी: पंचगंगा

शिवाजी पुलाजवळच्या पंचगंगा घाटावर उन्हाळ्यात पहाटे गेलात तर कोल्हापूरची खरी शाळा दिसेल. पाठीला रिकामा डबा किंवा फुगवलेली ट्यूब बांधलेली पोरं, त्यांना पाण्यात ढकलणारे मामा-काका, तालमीतून थेट आलेले पैलवान, सत्तरी ओलांडूनही रोज नदी आडवी कापणारे आजोबा. पहिले चार दिवस नुसतं पायऱ्यांवर बसा. रोजचे लोक कुठून उतरतात, कुठपर्यंत जातात, कोणत्या पायरीला शेवाळ आहे हे बघा. मग त्यांच्यातल्या एखाद्या वयस्कर माणसाला सरळ विचारा, ‘मामा, मी नवीन आहे, कुठं उतरू?’ घाटावरच्या माणसाला यात कमीपणा वाटत नाही, उलट तो तुमची जबाबदारी घेतो. माझ्या बाबतीत तसंच झालं. पहिल्या महिनाभर एक काका मला हाताच्या अंतरावर ठेवून पोहत होते आणि मी त्यांना न विचारता पलीकडे जायला निघालो तेव्हा त्यांनी सगळ्या घाटासमोर मला झापलं. तो धाक मला अजून उपयोगी पडतो.

आता कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याविषयी. याबद्दल नवख्या माणसाला कुणी काही सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. नदीत दगडी खांब बांधलेले असतात आणि पावसाळा संपला की खांबांमधल्या गाळ्यांत बरगे, म्हणजे फळ्या, बसवून पाणी अडवतात. पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढून घेतात. शेतीला पाणी मिळतं, शिवाय बंधाऱ्यावरून वाहतूकही होते. दिसायला हे अगदी निरुपद्रवी काम आहे, पण पोहणाऱ्यासाठी त्यात तीन धोके आहेत.

पाणी अडलेलं असतं तेव्हा वरच्या अंगाला ते शांत आणि खोल दिसतं, पण काही बरगे काढलेले असतील तर त्या गाळ्याकडे जबरदस्त ओढ असते. माणूस गाळ्यात ओढला गेला आणि अडकला तर पाण्याच्या दाबापुढे चार जणांनाही त्याला ओढून काढता येत नाही. खालच्या अंगाला, जिथं पाणी बंधाऱ्यावरून पडतं, तिथं ते उलटं फिरतं आणि आत गेलेली वस्तू पुन्हा पुन्हा बंधाऱ्याकडेच ओढतं. एक लाकडाचा ओंडका लांबून टाकून बघा, कितीतरी वेळ तो तिथंच गरगरत राहतो. आणि तिसरा धोका बंधारा ओलांडण्याचा. पाणी बंधाऱ्यावरून वाहत असेल, मग ते घोट्याएवढं का असेना, गाडी किंवा पाय घालायचा नाही. वाहत्या गढूळ पाण्याखाली कठडा कुठं संपतो हे दिसत नाही. बंधाऱ्यापासून वर आणि खाली दोन्हीकडे निदान शंभर मीटर अंतर ठेवून पोहा.

पाण्याच्या स्वच्छतेचंही बघायला हवं. शहरातून येणारे जयंती आणि दुधाळी नाले पंचगंगेत मिसळतात, म्हणून नाल्याच्या तोंडापासून दूर आणि वरच्या अंगाला राहा. तोंडात पाणी जाऊ देऊ नका, अंगावर जखम असेल तर उतरू नका, घरी आल्यावर साबणानं अंघोळ करा. नदीकाठी मन रमवायचं असेल तर पोहण्यापेक्षा प्रयाग चिखलीच्या संगमावर जाऊन बसणं मला जास्त आवडतं. दोन नद्यांच्या पाण्याचे रंग काही दिवस वेगवेगळे दिसतात. दत्ताचं मंदिर आहे, संक्रांतीच्या सुमाराला स्नानाला गर्दी असते, बाकी वर्षभर निवांतपणा.

पाचवी पायरी: राधानगरीचा एक पूर्ण दिवस

नदी कळली की मगच वर जा. राधानगरी कोल्हापूरपासून सुमारे 50 किमी. रस्ता बराचसा भोगावतीच्या खोऱ्यातून जातो. एसटीनं जायचं असेल तर रंकाळा किंवा संभाजीनगर स्टँडवर आदल्या दिवशी वेळ विचारून ठेवा, आणि परतीची शेवटची गाडी किती वाजता ते आधी विचारा. स्वतःच्या गाडीनं जात असाल तर ऊस हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, अंधार पडायच्या आत परत फिरा. उसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो आणि ऊस रस्त्यावर लोंबत असतो. माझ्या माहितीतले पाण्यावरचे अपघात कमी आणि या रस्त्यावरचे जास्त आहेत. त्याच हंगामात वाटेत गुऱ्हाळं पेटलेली असतात. गरम काकवी चाखायला थांबा, अर्धा किलो गूळ बांधून घ्या.

धरणाकडे बघताना थोडा वेळ त्याच्या गोष्टीला द्या. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, संस्थानाच्या पैशातून, शेतीच्या पाण्यासाठी हे काम हाती घेतलं. गावाला मुलीचं, राधाबाईंचं नाव दिलं आणि जलाशयाला पत्नी लक्ष्मीबाईंचं. धरण पूर्ण व्हायला पुढची कित्येक वर्षं लागली. साठवण 8.36 टीएमसी. याचे सात स्वयंचलित दरवाजे जलाशय भरला की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, कुणी बटण दाबावं लागत नाही. एका दरवाजातून 1428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला सुमारे 40 हजार लिटर पाणी सुटतं. आता विचार करा, पावसाळ्यात रात्री दोन वाजता दरवाजा उघडला आणि खाली नदीच्या पात्रात कुणी तंबू ठोकून झोपलेलं असलं तर काय होईल. धरणाखालच्या पात्रात मुक्काम कधीच नाही, कोणत्याही ऋतूत नाही.

धरणाच्या भिंतीवर परवानगीशिवाय जाता येत नाही आणि पहारेकऱ्याशी हुज्जत घालून काही मिळत नाही. खरी मजा भिंतीच्या मागे, दाजीपूरकडे जाणाऱ्या रस्त्यानं बॅकवॉटरच्या काठाकाठानं जाण्यात आहे. पाणी उतरलं की जलाशयातला शाहू महाराजांच्या काळातला बेनझीर व्हिला उघडा पडतो. दगडी भिंती, चिखलाचे थर आणि भोवती गुरं चरताना दिसतात. तो बघायला एप्रिल-मे बरा.

बॅकवॉटरच्या काठाचा एक धडा मी माझ्या पायानं घेतला. एप्रिल होता, पाणी मागे सरकलेलं, काठावरचा गाळ वाळून भेगा पडलेला. वरून पक्की जमीन वाटली म्हणून मी सरळ पाण्याकडे चालत गेलो. पाण्यापासून वीस पावलांवर कवच फुटलं आणि दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत आत गेले. जितकं उपसावं तितकं रुतत होतो. लांब म्हशी राखत बसलेला एक माणूस ओरडला, ‘उभा ऱ्हाऊ नको, आडवा पड!’ मी पोटावर पडलो, त्यानं काठी पुढे केली आणि मला घासत घासत बाहेर काढलं. तेव्हापासून मी जलाशयाच्या काठावर लांब काठी घेतल्याशिवाय पाऊल टाकत नाही. काठीनं आधी टोचायचं, मग पाय ठेवायचा. गुरांच्या खुरांचे ताजे ठसे जिथं उथळ असतील त्या वाटेनं जायचं.

धरणाच्या पाण्यात पोहायचं का? माझं उत्तर नाही असंच आहे. पाण्याखाली बुडालेली शेतं, बांध, विहिरी आणि झाडांची खोडं असतात. काठापासून चार पावलांवर उतार एकदम तुटतो. वरचं पाणी कोमट आणि पुरुषभर खाली बर्फासारखं, त्यानं पायात गोळे येतात. आणि काही झालं तर आसपास हाकेला माणूस नसतो. होडी किंवा कयाक स्वतःची असली तरी जलसंपदा विभागाच्या परवानगीशिवाय पाण्यात घालू नका. गळ टाकायची हौस असेल तर मासेमारीचा ठेका ज्या संस्थेकडे असेल त्यांना आधी विचारा. त्या पाण्यावर कुणाची तरी चूल पेटते.

पुढे दाजीपूर, सुमारे 80 किमीवर. राधानगरी अभयारण्य 351 चौरस किमीचं, गव्यांसाठी प्रसिद्ध, आणि 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आलेलं. पावसाळ्यात आत प्रवेश बंद असतो. बाकीच्या काळात वन विभागाच्या नाक्यावर नोंद करून, स्थानिक वाटाड्या घेऊनच जा. गवा दिसला तर गाडीतून उतरू नका. कळपापेक्षा एकटा नर जास्त धोक्याचा. त्यानं मान खाली घालून फुरफुर केली तर हॉर्न वाजवू नका, गाडी हळू मागे घ्या.

बाकीची पाणी

काळम्मावाडीचा जलाशय सूर्यास्ताला बघावा. पाटगाव भुदरगड तालुक्याच्या टोकाला वेदगंगेवर आहे. मौनी महाराजांचा मठ, मधाचं गाव म्हणून नाव आणि पुढे रांगणा किल्ल्याची चाल, एक मुक्काम सहज होतो. गगनबावडा सुमारे 55 किमी. कुंभीचा जलाशय आणि गगनगड एका दिवसात उरकतात. धामोडचं तुळशी शांत आहे, तिथं लोक कमी जातात आणि ते तसंच राहावं असं मला वाटतं.

पिशवीत काय आणि अडचणीत काय

जास्त सामान नको. माणशी तीन लिटर पाणी, जाडसर काठी, वीस मीटर दोरी, शिट्टी, बॅटरी, कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत. पावसाळ्यात जळवा लागतात. त्या ओढून काढू नका, मीठ किंवा तंबाखूचं पाणी लावलं की सुटतात. साप चावला तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, अवयव न हलवता सरकारी दवाखाना गाठायचा. जेवण घरून न्या. भाकरी, खर्डा, झुणका आणि कांदा दिवसभर टिकतो. गावात जेवायचं असेल तर सकाळी जातानाच सांगून ठेवा, ऐनवेळी दहा माणसांची भाकरी कुठल्याच घरात थापलेली नसते. चूल पेटवायचीच असेल तर गावात, रानात नाही. उन्हाळ्यात एका ठिणगीनं अख्ख्या डोंगराला वणवा लागतो. काचेची बाटली पाण्याकाठी न्यायची नाही. ती फुटते आणि अनवाणी गुराख्याच्या पायात जाते, हे मी डोळ्यानं पाहिलंय.

कुणी बुडताना दिसलं तर त्याच्याकडे उडी घेऊ नका. दोघंही जातात. दोरी, काठी, साडी, रिकामा कॅन, जे हाती लागेल ते टाका आणि आरडाओरडा करून माणसं जमवा. 112 वर पोलीस, 108 वर रुग्णवाहिका, 1077 वर जिल्ह्याचा आपत्ती कक्ष, 1926 वर वन विभाग. पण दाजीपूर आणि पाटगावच्या बऱ्याच भागात मोबाइलला रेंज नसते. म्हणून निघताना घरी कागदावर लिहून ठेवा, कुठं चाललोय, कोणत्या रस्त्यानं, कोण कोण बरोबर आहे आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं. परत आल्यावर, रेंज लागली की पहिला फोन त्या कागदाच्या मालकाला करा.